पान ऊन खातं

ज्या हातात हाड नाही, रक्त नाही, जो नुसत्या प्रकाशाचा बनलेला आहे, त्या हाताची करंगळी वाकडी का असावी? या एका प्रश्नावर आमच्या मंडळातली अख्खी सकाळ गेली होती.

टेबलावर स्पर्शिका कंपनीचा ‘हातगुरू’ हजर होता, म्हणजे हवेत तरंगणारे दोन तेजस्वी हात. कर्णबधिर मुलांच्या वर्गांत हे हात आता विज्ञान शिकवतात. थकत नाहीत, रजा मागत नाहीत, जनगणनेच्या कामाला जुंपले जात नाहीत. आम्ही त्यांना ‘प्रकाशसंश्लेषण’ ही खूण करायला सांगितली. एक हात बोटं पसरून वरून खाली आला, ते ऊन. दुसरा हात तळवा वर करून थांबला होता, ते पान. ऊन तळव्यावर उतरलं, पानानं मूठ मिटली आणि जिथे तोंड असायला हवं तिथे नेली. पान ऊन खातं. माझ्या शाळेतल्या बाईंना जे समजवायला दोन तास लागले होते, ते या खुणेत एका घासात येतं. फक्त मूठ मिटताना चार बोटं आत गेली आणि करंगळी अर्धवट वाकून बाहेरच राहिली.

“पुन्हा,” डॉ. नसीम तांबोळी म्हणाल्या. त्या आमच्या शिक्षणप्रत मंडळाच्या प्रमुख.

हातांनी पुन्हा केलं. पुन्हा करंगळी बाहेर.

“ही आमच्या कलाकारांची शैली आहे, मॅडम,” कंपनीचे वकील सरनाईक म्हणाले. “सौंदर्यदृष्टी.”

मला हसू आवरेना, म्हणून मी खिडकीबाहेर पाहिलं. पुण्यात खिडकीबाहेर पाहण्यासारखं फारसं उरलेलं नाही, त्यामुळे हसू लवकर आवरलं.

हे मंडळ ज्या कायद्यानं जन्माला आलं तो तसा साधा आहे. शिकवण्यासाठी कुणीही कशाचीही नक्कल करावी, विचारत बसू नये. आकृती काढा, गणित उतरवा, समजावून सांगायची पद्धत उचला, सगळं खुलं. मात्र ज्यानं ती गोष्ट पहिल्यांदा केली त्याला सरकारी निधीतून मोबदला मिळतो, धडा शिकवताना त्याचं नाव घ्यावं लागतं, आणि त्या गोष्टीचं रूप बदलायचं असेल तर त्याची परवानगी लागते. मूळ करणारा सापडलाच नाही, तर ज्याची नोंद पहिली त्याला कर्ता मानायचं. असं कितीदा होणार आहे, असं कायदा करणाऱ्यांना वाटलं असावं.

स्पर्शिकानं खुणांच्या भाषेतल्या झाडून सगळ्या विज्ञानखुणांवर कर्तेपणाचा दावा ठोकला होता. मोबदल्याची मला फारशी फिकीर नव्हती, मला धास्ती होती ती रूपाची. खुणांची भाषा गावागावाला वळण बदलते, मुलं तर ती रोज नव्यानं घडवतात. कंपनी कर्ती ठरली असती तर देशभरातल्या मुलांचे हात हातगुरूच्या हातांबरहुकूम हलले पाहिजेत, नाहीतर परीक्षेत चूक, असं झालं असतं. मी कर्णबधिर आईची ऐकणारी मुलगी आहे. बोलता येण्याआधी मला हात हलवता येत होते. त्यामुळे हे प्रकरण माझ्या टेबलावर आलं तेव्हा मी नोकरीवर पहिल्यांदाच खूश झाले.

माझ्या टेबलावर आलं, म्हणजे ‘माग’कडे आलं. माग हे आमचं यंत्र. त्याची युक्ती प्रत्येक मास्तराला माहीत असते. दोन मुलांनी एकच बरोबर उत्तर लिहिलं तर काहीच सिद्ध होत नाही, पण दोघांनी एकच चमत्कारिक चूक केली तर एकानं दुसऱ्याचं पाहिलेलं असतं. नक्कल करणारा चांगल्याबरोबर चुकाही उचलतो, आणि वर स्वतःची एखादी भर घालतो. पुढचा त्या दोन्ही उचलतो. अशा चुका पिढ्यान्‌पिढ्या साठत जातात. सजीवांच्या गुणसूत्रांत होणाऱ्या बारीक बदलांवरून कोणता प्राणी कुणाचा चुलत भाऊ हे शास्त्रज्ञ ठरवतात, तसंच माग नकलांचं करतं. कोट्यवधी चित्रफिती ते पाहतं, बोटांचा कोन, मनगटाचा झोक, मध्येच घेतलेला श्वास, सगळं मोजतं, सामाईक चुका एकत्र करतं आणि नकलांचं झाड उभं करतं. झाडाच्या बुंध्याशी जे माणूस उभं असेल त्याचं चित्रही काढतं. त्या माणसाची एकही चित्रफीत कुठे नसली तरी काढतं.

त्या दुपारी मागनं झाड उभं केलं. हातगुरू त्यात एका कोवळ्या फांदीच्या टोकाला होता, म्हणजे कंपनीनं नक्कल केलेली होती हे उघड झालं. खाली खाली जात झाड नागपूर, इंदूर, बेळगाव अशा फांद्या गोळा करत सांगलीच्या एका जुन्या मुलींच्या वसतिगृहापाशी येऊन थांबलं. मग पडद्यावर बुंध्याचा हात उमटायला लागला. आधी तळव्याची रुंदी, मग बोटांची लांबी, मग अंगठ्याचा मागे झुकलेला कोन. शेवटी करंगळी, दुसऱ्या पेराशी आखडलेली, पूर्ण न मिटणारी.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. या हातानं माझ्या वेण्या घातल्या होत्या. या हातानं मला चंद्र, ताप, भूक, मरण हे सगळे शब्द शिकवले होते. लहानपणी चुलीतला निखारा धरायला गेलेली ती करंगळी मी गर्दीतही ओळखली असती. पडद्यावर ती उजव्या हाताला दिसत होती आणि आईची डाव्या हाताला आहे, पण माग सगळे हात एका बाजूला वळवून घेतं हे मला माहीत होतं. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

“मॅडम,” मी म्हटलं, “ही माझी आई आहे.”

तांबोळी मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. देशभरातल्या लाखो मुलांच्या हातांवर बसलेलं ते बोट आमच्या कचेरीतल्या एका मुलीच्या घरचं निघालं, हे पचवायला त्यांना तेवढा वेळ हवाच होता.

“मग तुला यातून बाजूला व्हावं लागेल, केतकी,” त्या म्हणाल्या. “सुनावणीत दुभाषी दुसरा असेल. आईंना साक्षीला घेऊन ये.” आणि मग, मी दारापर्यंत गेल्यावर, “एक लक्षात ठेव. माग चूक पाहतं. चूक करणाऱ्याच्या आधी कुणी असेल तर ते त्याला दिसत नाही.”

मी मान हलवली. आनंदात माणूस कशालाही मान हलवतं.

*

माझी आई, शैलजा कुंभोजकर, सांगलीच्या गणपती पेठेत एका दंतवैद्याच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवते. निम्म्या सांगलीचं हसू तिनं घडवलेलं आहे, असं ती सांगते. मी गेले तेव्हा ती कुणाच्या तरी खालच्या जबड्याला कानशीनं घासत होती. मला पाहून तिनं कवळी खाली ठेवली आणि हात हलवले. तिच्या खुणा मी मराठीत उतरवते तेव्हा त्या आपोआप सांगलीच्या होतात, त्याला माझा इलाज नाही.

“वाळलीस की गं! पुण्यात खायला घालत नाहीत काय?”

“आई, हा चष्मा घाल.”

“आधी जेव.”

“आई!”

तिनं चष्मा घातला. मी झाड सुरू केलं.

ते झाड मी कचेरीत कितीतरी वेळा पाहिलं होतं, पण पडद्यावर. चष्म्यातून ते खोलीभर उगवतं. त्याच्या फांदीफांदीला पानं नसतात, हात असतात. शिलाँगच्या पोरीचे, कोचीच्या मास्तरांचे, लडाखात हातमोजे घातलेल्या कुणाचे, काळे, गोरे, मेंदी लावलेले, शाईनं माखलेले. सगळे एकाच लयीत ऊन झेलत होते, मूठ मिटत होते, तोंडाशी नेत होते, आणि प्रत्येक मुठीबाहेर एक करंगळी वाकून राहिली होती. सगळ्यांची बोटं धडधाकट होती. तरीही ती वाकत होती.

आई मान वर करून करून पाहत होती. प्लास्टरच्या धुळीनं पांढरे झालेले तिचे हात मांडीवर निपचित पडले होते, आणि तिचे हात निपचित पडणं म्हणजे माझ्या दृष्टीनं तिचा आवाज बसणं. मग ती एकदम हसली.

“सगळ्यांची बोटं भाजली काय गं?”

आणि विचारता विचारताच तिला कळलं. तिनं डावा हात डोळ्यांसमोर धरला. करंगळीकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं. मग तो हात उजव्या हातानं झाकून ती रडायला लागली. मीही रडले. लाखो मुलं माझ्या आईचं भाजलेलं बोट हातात घेऊन ऊन खात होती.

“आता तू कर्ती आहेस,” मी सांगितलं. “तुझं नाव घेतल्याशिवाय हा धडा कुणाला शिकवता येणार नाही. कंपनीला सुद्धा.”

तिनं डोळे पुसले. चष्मा काढून नीट घडी घालून मला दिला.

“ही खूण माझी नाही.”

“म्हणजे?”

“हौसाची आहे. मी नक्कल केली.”

हौसा मासाळ. जत तालुक्यातल्या मेंढपाळांची पोर. आजवर मी हे नाव ऐकलं नव्हतं, म्हणजे पाहिलं नव्हतं. आई सांगत गेली आणि मी पाहत गेले. त्या काळी त्यांच्या वसतिगृहात खुणा करायला बंदी होती. मुलींनी ओठ वाचावेत, तोंडानं बोलावं, म्हणून वर्गात हात मांड्यांखाली घालून बसवायचे. हौसा डावखुरी. तिचे हाल दुहेरी. डाव्या हातानं जेवणं म्हणजे घाण, म्हणून रेक्टरबाई जेवताना तिचा डावा हात रिबिनीनं पाटाला बांधायच्या. मुलींनी तिचं खुणेतलं नावच ते पाडलं होतं. एका हाताच्या बोटांनी दुसरं मनगट आवळून धरायचं, म्हणजे हौसा.

“एकदा दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो,” आई म्हणाली. “विज्ञानाचा धडा मला घडाघडा पाठ. वनस्पती, सूर्यप्रकाश, अन्न. पण त्यात काय म्हणलंय ते कळलं होतं कुणाला? हौसाला वाचायला धड यायचं नाही. तिनं मला एकेक शब्द विचारला. कडुनिंबाकडे बघत बसली बराच वेळ. मेंढरं पाला खातात, पाला काय खातो, हे तिला लहानपणापासून पडलेलं कोडं होतं. मग उठली आणि हे केलं.”

आईनं खूण केली. उजवा हात ऊन होऊन खाली आला, डावा हात पान होऊन त्याला झेलायला वर झाला, मूठ मिटून तोंडाशी गेला.

“पानाला डाव्या हातानं जेवायला लावलं तिनं,” आई म्हणाली. “आणि काय हसली! रेक्टरबाईंना आता झाडं बांधून ठेवायला सांगा म्हणाली.”

मग त्यांना नादच लागला. मूळ पाणी कसं ओढतं, डबक्यातलं पाणी कुठे जातं, लोहचुंबक, ग्रहण, पोटातलं अन्न. आई पुस्तक वाचून शब्द सांगायची, हौसा खूण करायची. दिवाळीच्या सुट्टीत हौसा गावी गेली, तिला कावीळ झाली, ती परत आली नाही. पुढे आईनं त्या खुणा धाकट्या मुलींना शिकवल्या. धाकट्या मोठ्या होऊन पांगल्या, नोकरीला लागल्या, लग्न होऊन दूर गेल्या, मोबाइल आले, आणि खुणा कुठल्या कुठे गेल्या.

“तू तर उजव्या हातानं जेवतेस,” मी म्हटलं. “मग हे डाव्या हातानं का?”

“तिची खूण तिच्या हातानं करायची, एवढं ठरवलं होतं. दुसरं काय करणार होते मी तिच्यासाठी? माझं डावं बोट भाजकं, ते मिटत नाही. धाकट्या पोरींना वाटलं असंच असतं.”

मग मला जे सुचलं ते काही फार थोर नव्हतं.

“आई, हे सुनावणीत सांगू नकोस. हौसाचा काही पुरावा नाही. वसतिगृह पाडलं, तिथे गाड्यांचं शोरूम आहे. तू नक्कल केलीस म्हणालीस की मूळ करणारं कुणीच उरत नाही. मग पहिली नोंद कंपनीची. सगळ्या खुणा त्यांच्या होतील. एवढं एकच म्हण, माझी आहे. मागही तेच सांगतंय.”

“आणि हौसा?”

“ती असती तर तिनंही हेच सांगितलं असतं.”

“तू तिला ओळखत होतीस?”

मी चिडले. कायदा कसा आहे, तो तिच्या बाजूनं एकदाच कसा उभा आहे, हे हात आपटून आपटून सांगितलं. आईनं सगळं पाहून घेतलं.

“माझ्याकडे तू आहेस,” ती म्हणाली. “घर आहे, पोटापाण्याचं काम आहे. हौसाकडे या जगात एवढ्या खुणाच राहिल्यात. त्या पण मी घेऊ?”

मग तिनं कवळी उचलली आणि कानस चालवायला सुरुवात केली. तिनं मान खाली घातली की संभाषण संपतं. बहिऱ्या माणसाशी भांडताना शेवटचा शब्द आपला होत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

*

सुनावणीला आई मोरपंखी साडी नेसून आली होती. मी बाजूच्या खुर्चीत, हात मांड्यांखाली दाबून. दुभाषी म्हणून एक उंच, घोगऱ्या आवाजाचा तरुण होता. आयुष्यभर माझ्याच आवाजात बोललेली माझी आई त्या दिवशी त्याच्या घोगऱ्या आवाजात बोलत होती, आणि ते मला विचित्र वाटत होतं.

तिनं सगळं सांगितलं. गच्ची, कडुनिंब, रिबीन, कावीळ. एक शब्दही गाळला नाही.

सरनाईक वकील उठले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. “म्हणजे साक्षीदारबाई स्वतःच सांगताहेत की त्यांनी नक्कल केली. आमच्यावर तोच आरोप आहे, ठीक आहे, आपण एका पंगतीतले. आता ही हौसा मासाळ. तिचा फोटो?”

“नाही,” दुभाषी म्हणाला.

“तिला या खुणा करताना पाहिलेलं दुसरं कुणी?”

“आम्ही दोघीच असायचो.”

“मॅडम, मला बाईंच्या भावनांचा आदर आहे. पण एका आठवणीवर कायदा चालत नाही. मूळ कर्ता अज्ञात आहे. आमची नोंद पहिली आहे.”

तांबोळी मॅडमनी कपाळाला हात लावला. मला आईचा राग आला, आणि त्याच वेळी भीतीही वाटली. या एका खरेपणापायी सगळ्या मुलांचे हात कंपनीच्या साच्यात जाणार होते.

आई उठून उभी राहिली. तिला वकिलांचं बोलणं पोचायला थोडा उशीर झाला होता.

“मी केली असती,” दुभाष्याच्या तोंडून ती म्हणाली, “तर अशी केली असती.”

डावा हात ऊन झाला. उजवा हात पान झाला, ऊन झेललं, मूठ मिटली, तोंडाशी नेली. पाची बोटं आत, घट्ट. एकही बोट बाहेर नाही.

“मग?” सरनाईक म्हणाले.

मी उभी राहिले. राहायचं नव्हतं, तरी राहिले. “मॅडम, मला आईबद्दल काही बोलायचं नाही. यंत्राबद्दल बोलू?”

“यंत्राबद्दल बोल.”

“माग सगळे हात उलटवून घेतं. काही माणसं डावखुरी असतात, काही उजवी. तुलना करता यावी म्हणून ते आरशातल्यासारखं प्रत्येक चित्र फिरवतं आणि खाणारा, लिहिणारा, काम करणारा हात कायम उजव्या बाजूला आणतं. ती सफाई आपण कधी बंद करून पाहिलीच नाही. ती बंद करा.”

यंत्र चालवणाऱ्यानं सफाई बंद केली.

झाड जागच्या जागी थरथरलं आणि त्याचे हात फिरायला लागले. वादळात एखादं पिंपळाचं झाड उलट्या पानांनी पांढरं व्हावं तसं ते टोकापासून बुंध्यापर्यंत पालटत गेलं. पालटून थांबलं तेव्हा देशातला प्रत्येक जण, उजवा असो की डावखुरा, ती खूण डाव्या हातानं करत होता. मी स्वतः जन्मभर ती डाव्या हातानं केली होती. आमच्यात काही खुणा डाव्या असतात, एवढंच मला माहीत होतं. का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

“आई उजवी आहे,” मी म्हटलं. “तिनं ही खूण स्वतः केली असती तर उजव्या हातानं केली असती, आत्ता करून दाखवली तशी. तिची उजवी करंगळी धड आहे. मग खुणेत वाकडं बोट आलंच नसतं. वाकडं बोट खुणेत आहे, कारण खूण डावी आहे. आणि खूण डावी आहे, कारण आईच्या आधी कुणीतरी डावखुरं होतं.”

सरनाईक पडद्याकडे पाहत होते. खरं सांगायचं तर मला ते त्या क्षणी आवडले, कारण त्यांचंही तोंड आमच्यासारखंच उघडं राहिलं होतं.

“बाकीच्या विज्ञानखुणाही दाखवा,” तांबोळी मॅडम हळूच म्हणाल्या.

शेकडो खुणांची शेकडो झाडं पडद्यावर आली. बहुतेकांत उजवे आणि डावे हात मिसळलेले, जशी माणसं असतात तसे. आणि त्यांच्यात अधूनमधून काही झाडं पूर्ण डावी होती. मूळ पाणी ओढतं, डावं. पाण्याची वाफ होते, डावं. लोहचुंबक, डावं. ग्रहण, डावं. पोटातलं अन्न, डावं. आईनं माझ्यापाशी घेतलेली नावं तीच होती. तिनं ती दुभाष्यालाही सांगितली होती, आणि आता एकेक झाड वर येत होतं तसतशी ती लहान मुलीसारखी बोट दाखवत होती.

जिचा एक फोटो नाही, जिचं नाव कुठल्या दगडावर नाही, जिचा डावा हात जेवताना बांधून ठेवत होते, तिचा तो हात आसामपासून केरळपर्यंत मोकळा हलत होता.

तांबोळी मॅडमनी मागला शेवटचं काम सांगितलं. आईची सवय, आईचं बोट, तेवढं यातून वजा कर आणि उरेल त्या हाताचं चित्र काढ. बराच वेळ काहीच उमटलं नाही. मग एक हात उमटला. लहान, रुंद, आखूड बोटांचा, करंगळी सरळ असलेला एका पोरीचा डावा हात. तो तिचाच होता की यंत्राचा अंदाज, हे विज्ञान सांगू शकत नाही. आई मात्र पुढे गेली. तिनं आपला डावा तळवा त्या प्रकाशाला लावला आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

*

त्या सगळ्या डाव्या खुणांना कर्ती म्हणून हौसा मासाळचं नाव लागलं; बाकीच्या खुणांचे बुंधे माग अजून शोधतंय. तिच्या घरच्यांचा पत्ता लागला नाही. मोबदला कर्णबधिर शाळांकडे जातो, आणि रूपाचा अधिकार मंडळानं आईला दिला, कारण हौसानं खूण तिच्या हाती दिली होती. हातगुरूसुद्धा आता धड्याआधी हौसाचं नाव घेतो. नाव कसं घ्यायचं हे आईनं ठरवलं. मनगट आवळून धरायची जुनी खूण तिनं काढून टाकली. आता डाव्या मनगटावरची रिबीन उजव्या हातानं ओढून सोडवायची, म्हणजे हौसा.

एवढ्यावर ती थांबली नाही. खूण शुद्ध करायची तिनं मनावर घेतलं. हौसाचं बोट सरळ होतं, तेव्हा माझी चूक काढा, करंगळी आत घ्या, असं तिनं मंडळाला कळवलं. आणि कळवून गप्प बसेल तर ती माझी आई कसली! ती सांगलीच्या कर्णबधिर शाळेत स्वतः शिकवायला गेली. मी दाराशी उभी राहिले.

मुलांनी आधी रिबीन सोडवली. मग ऊन आलं, पानं उघडली, मुठी मिटल्या आणि वर्गभर करंगळ्या वाकल्या. आई ओळीतून फिरत एकेकाची करंगळी हलकेच मुठीत बसवत गेली. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं हात मागे ओढला. दुसरीतली असेल. दोन वेण्या, समोरचे दात पडलेले.

“बोट आत,” आईनं सांगितलं.

“नाही.”

“का नाही?”

मुलीनं एवढ्या मोठ्या बाईला एवढंही कळत नाही, अशा चेहऱ्यानं आईकडे पाहिलं. मग आपल्या वाकलेल्या करंगळीला दुसऱ्या हातानं धरून दाखवलं.

“हा देठ आहे. देठ आत घेतला तर पान झाडाला कुठे चिकटणार? पडेल की.”

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीच मदत केली नाही, डोळे भरून मला दिसेनासंच झालं होतं. तिनं वर्गाला विचारलं, तुम्हा सगळ्यांनाच हा देठ वाटतो? वर्गानं हो म्हटलं. कुणी शिकवलं? कुणी नाही. असतोच तो.

आई त्या मुलीच्या शेजारी बाकावर बसली. तिनं रिबीन सोडवली. मग आपला भाजलेला डावा हात खिडकीतून येणाऱ्या उन्हाखाली धरला, ऊन झेललं, देठ बाहेर ठेवून मूठ मिटली आणि तोंडाशी नेली.